नावं काढणारी

ऑफिसात तिला सगळे काढबाई म्हणत. बाळाचं सामान विकणाऱ्या दुकानांसाठी आम्ही जाहिरातीचे मेल पाठवायचो. 'माझं नाव यादीतून काढा' असं कोणी कळवलं की ते तिच्या टेबलावर जायचं. माझं टेबल शेजारीच होतं. तिची सासू आल्यागेल्याला सांगायची, "आमची सून रोज शंभरेक लोकांचं नाव काढते. स्वतःचं कधी काढणार कोण जाणे."

खरं तर ती काढत नव्हती. कायदा साधा होता आणि तिच्या मागच्या भिंतीवर छापून चिकटवलेलाही होता. मेल पाठवणाऱ्यानं खरं नाव-पत्ता द्यायचा, नको म्हणणाऱ्याला दहा दिवसांत यादीतून वगळायचं, त्याचं नाव दुसऱ्या कोणाला विकायचं नाही. मालकाचं म्हणणं वेगळं. "नको म्हणायला का होईना, तो मेल उघडतो ना? असा माणूस सोडायचा नसतो." म्हणून नकोवाल्यांची एक वेगळी यादी बनायची आणि ती आणखी तीन कंपन्यांना विकली जायची. हे बरोबर नाही, असं तिनं एकदा चाचरत म्हटलं, तर मालकानं स्टेपलर फेकून मारला. भुवई फुटली. घरी तिनं कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं, आणि पुढची दोन वर्षं खाली मान घालून काम केलं.

मग एक दिवस भर दुपारी एक वेल्डर आला, अंगात कामाचे कपडे, हातात लोखंडी पाइप. दाराची काच फोडून तो आत शिरला आणि चकार शब्द न काढता ओळीनं सहा स्क्रीन फोडले. हिशेबनीस आडवा आला, त्याच्या जबड्यावर पाइप बसला. दोन दात माझ्या कीबोर्डवर येऊन पडले. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "नावं कोण काढतं?"

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मीसुद्धा.

ती उठून उभी राहिली. "मी."

"नऊ वेळा लिहिलं. बाळ पोटातच गेलं, आता मेल पाठवू नका, म्हणून." त्याच्या शर्टावर रक्त होतं, ते आमच्यापैकी कोणाचं नव्हतं. "आज सकाळी बायकोला तुमचा मेल आला. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची सूट. तिनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मी धरेपर्यंत आपटतच होती. तुम्ही वाचता तरी का?"

"वाचते," ती म्हणाली. "तुमचेही वाचले, नऊच्या नऊ. नाव काढलं नाही."

तिचा उजवा हात टेबलावर होता. पहिल्या घावाचा आवाज मला टेबलाचा वाटला. दुसरा टेबलाचा नव्हता. तिसऱ्यानंतर त्यानं पाइप टाकला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मग आमच्या लोकांना शौर्य सुचलं. शिपायानं, ड्रायव्हरनं त्याला लाथांनी तुडवलं. दोन बरगड्या मोडल्या, त्यानं हात वर केला नाही. त्यातली एक लाथ माझी होती.

दुसऱ्या दिवशी मालक इस्पितळात आला आणि तिच्या उशाशी बसला. "पोलिसांना सांग, त्याचा एकही मेल आला नव्हता. वेडा आहे म्हणायचं."

"सकाळीच जबाब दिला," ती म्हणाली. "दोन्ही याद्यांचा."

मालकानं तिचा प्लास्टरमधला हात धरला आणि दारातल्या नर्सकडे हसून बघत सावकाश पिरगळला. ती किंचाळली. पाणी भरून आणलेली तिची नणंद मागेच उभी होती. हातातला स्टीलचा जग तिनं मालकाच्या तोंडावर हाणला आणि मूठ निखळून हातात येईपर्यंत हाणत राहिली. "माझ्या वहिनीला हात लावतोस?" त्याचं नाक कायमचं वाकडं झालं.

अशा मेलांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी तक्रार कचेरीनं ऑफिसातली यंत्रं उचलली. मालकाला जबर दंड झाला, कंपनीला टाळं लागलं. वेल्डरला दोन वर्षांची कैद झाली. दोन्ही खटल्यांत तिची साक्ष झाली. वेल्डरच्या वकिलानं विचारलं, "नाव काढलं असतंत, तर तो आला असता?"

"नसता आला. पण हात त्यानंच मोडला."

कोर्टाच्या पायऱ्यांवर वेल्डरच्या बायकोनं तिला गाठलं. कपाळावर टाक्यांचा व्रण होता. तिनं काढबाईच्या दोन थोबाडीत मारल्या. पोलीस पुढे आला, तर काढबाईनंच त्याला थांबवलं.

धाप लागलेल्या आवाजात बायकोनं विचारलं, "मेल बंद झाले?"

"आमचे झाले. ज्यांना नावं विकली त्यांचं माहीत नाही."

"येतात अजून."

दोघी तिथेच पायरीवर बसल्या. काढबाईनं तिचा फोन घेतला आणि डाव्या हाताच्या एका बोटानं तिन्ही कंपन्यांना तिच्या नावानं कळवलं, प्रत तक्रार कचेरीला. त्याला तासभर लागला. दोन कंपन्यांचे मेल आठवड्यात थांबले. तिसरी अजून पाठवते. त्या कंपनीवर खटला चालू आहे.