बेडूकमास्तरांना पाणी पाहिजे होतं

पोहायला शिकवताना ते आधी काठावर पालथे पडून हातपाय मारून दाखवायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव बेडूकमास्तर ठेवलं. मास्तरांनाही ते आवडलं. पाण्याला घाबरणारं पोर त्यांच्या हाताखाली आलं की आधी भोकाड पसरायचं, मग खिदळायचं आणि शेवटी तलावातून बाहेर निघायचं नाव घ्यायचं नाही.

मास्तर एका चष्मेवाल्याबरोबर राहत. दोघांचा संसार जुना, भांडणंही जुनीच; बहुतेक ओल्या टॉवेलावरून. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते तलावाच्या नव्या मॅनेजरनं, तेही पडद्यांच्या दुकानात. हिरवा घ्यायचा की निळा, यावरून तेव्हा दोघं हमरीतुमरीवर आले होते.

"हे कोण, भाऊ का?"

"छे हो! भावाशी एवढं कोण भांडतंय? आमचं दोघांचं घर आहे," मास्तर बोलून गेले आणि पुन्हा पडद्यांकडे वळले.

मॅनेजर काय समजायचं ते समजला. सोमवारी मास्तर कामावर गेले, तर त्यांना तिकीटखिडकीत बसायला सांगितलं.

"पगार तोच राहील," मॅनेजर गोड हसून म्हणाला. "पण लहान मुलांचा प्रश्न आहे. उगाच पालकांचा गवगवा नको."

मास्तर बसले. काचेपलीकडे शिट्टी वाजली की त्यांचे पाय टेबलाखाली आपोआप हलायचे. घरी येऊन म्हणाले, "जाऊ दे. नसती भानगड कशाला?" चष्मेवाल्यालाही तेच बरं वाटलं. लोकांनी आपल्या चष्म्यांच्या दुकानाकडे पाठ फिरवली तर, ही त्याला धास्ती.

मास्तरांची आई मात्र फोनवरच कडाडली. "तुमच्या दोघांचं मला कळलं, तेव्हा मीही तुझ्याशी धड बोलत नव्हते. पण मी आई आहे. त्या टिकोजीरावाचा काय संबंध? आणि कायदा झालाय ना आता? तो काय शोभेला ठेवलाय?"

कायदा खरंच झाला होता. माणसाचा जीव कुणावर जडलाय हे बघून त्याला नोकरीवरून काढायचं नाही, की त्याचं काम हिसकावून त्याला कोपऱ्यात बसवायचं नाही. मास्तरांनी कामगार कचेरी गाठली. तिथल्या अधिकारी बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"मी काढलंय कुठे यांना?" मॅनेजरनं हात झटकले.

"मग खिडकीत का बसवलंत? शिकवण्यात काही खोट?"

"छे छे, शिकवतात झकास."

"पालकांची तक्रार?"

"अजून नाही. पण येऊ शकते ना!"

"म्हणजे आक्षेप तुमचाच. आणि तोसुद्धा ते घरी कुणाबरोबर राहतात यावर," बाई म्हणाल्या. "कायद्यात नेमकी यालाच मनाई आहे, साहेब." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तुम्हाला काय पाहिजे?"

मास्तरांनी आरशासमोर घोकलेलं भाषण ऐन वेळी डोक्यातून उडालं. "मला पाणी पाहिजे," एवढंच तोंडून आलं.

शिपायानं लगबगीनं ग्लास पुढे केला.

"ते पाणी नव्हे हो," बाई हसू दाबत म्हणाल्या. मास्तरांनी तेवढ्यात ग्लास रिकामाही केला होता.

निकाल मास्तरांच्या बाजूनं लागला आणि ते पुन्हा तलावात उतरले. सगळं गोडगोड झालं असं नाही. मॅनेजर आजही कामापुरतंच बोलतो. एका बाईनं मुलाला दुसऱ्या तलावावर घातलं, ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं; पोरगं छान हात मारत होतं. बाकीच्या पालकांनी मात्र "बरं झालं आलात, खिडकीत फार वाळला होतात," म्हणून विषय संपवला.

त्या वर्षी मुलांच्या शर्यतींना चष्मेवाला पहिल्यांदाच आत आला. एरवी मास्तरांना फाटकाशी सोडून पळायचा. आई पुढच्याच बाकावर होती. तिनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बस इथं. इथून नीट दिसतं."

शर्यत सुटली आणि दोघं घसा फोडून भलत्याच पोराच्या नावानं ओरडायला लागले.