रस्त्याच्या नावाचा कागद

आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याला माझ्या लहानपणी मार्कंड्याचा रस्ता म्हणत. जत्रेला जाणाऱ्या बैलबंड्यांनी पाडलेली चाकोरी ती. पुढे मुरूम पडला, डांबर आलं, राज्याचा नंबर मिळाला. मग तो पुसून राष्ट्रीय महामार्गाचा नंबर लिहिला. दर वेळी बारसं झालं की रस्ता दोन हात रुंद व्हायचा, आणि ते दोन हात आमच्याच शेतातून जायचे. म्हणून गेल्या वर्षी दोघं जण कागद घेऊन आले आणि "या महामार्गाले एका थोर माणसाचं नाव द्याचं हाय, सह्या करा" म्हणाले, तेव्हा मी ग्रामपंचायतीतच बोललो, "इथी कुठीतरी पाणी मुरून राह्यलं!"

आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रस्त्याला अगदी लागून वहिनीचा मोह होता. आमच्याकडे मोहाचं झाड सातबाऱ्यावरून नाही, फुलं वेचणाऱ्या घरावरून ओळखतात. भाऊ गेल्यापासून चैत्रात वहिनी उजाडता उजाडता टोपली घेऊन त्याखाली जायची. ती फुलं वाळवून, विकून तिचं अर्धं वर्ष निघायचं. ते झाड राहावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कागद मी तीनदा वाचला. उलटा करून पाहिला, उन्हात धरून पाहिला. नावाशिवाय त्यात काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संशय आला. एवढ्याशा कामासाठी कोणी पेट्रोल जाळत येतं होय? सह्यांखालच्या कोऱ्या जागेवर रेघ मारा, म्हणालो. त्यांनी निमूट मारली. मला तोही डावच वाटला.

वहिनीने अंगठा दिला. "भाऊजी, तुमी त देवाच्या परसादातबी खडे पाहाता," असं म्हणून हसली.

"हसा! याच अंगठ्यानं तुमचा मोह जाईन," मी सगळ्यांसमोर ओरडलो.

दिवाळीनंतर नव्या नावाची पाटी लागली. त्याच आठवड्यात मशीन आलं आणि मोह आडवा झाला. वहिनी बुंध्याजवळ बसून राहिली, दिवसभर जेवली नाही. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तडक तालुक्याला गेलो आणि बाबूच्या टेबलावर हात आपटला.

बाबूने शांतपणे फाईल काढली. "नावाच्या कागदाचा न् झाडाचा काई संबंध नाई, भाऊ. रुंदीकरणाची नोटीस त्याच्या आधीच निघाली होती. हरकत घ्याले मुदत होती. तुमच्या शेजाऱ्यानं घेतली, त्याची विहीर वाचली."

मग त्याने एक पाकीट पुढे सरकवलं. वर माझं नाव, खाली पोस्टमनची अक्षरं: घेण्यास नकार.

आठवलं. सही करून घ्यायचं पाकीट होतं. "सही देल्ली का फसलो, मले बनवता काय?" असं म्हणून मीच पोस्टमनला वाटेला लावलं होतं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," बाबू पुटपुटला. एरवी मी त्याची गचांडी धरली असती. त्या दिवशी मान खाली घालून बाहेर आलो. लाज वाटली, फार लाज वाटली.

घरी वहिनी दारातच उभी होती. "काय म्हणे बाबू?"

मी चपला काढत राहिलो.

"मले माहीत हाय," तीच म्हणाली. "तुमी सांगून राह्यले होते, मीच आयकलं नाई. माह्याच अंगठ्यानं गेला मोह."

"पाणी द्या," मी म्हणालो. तिने आणून दिलं.

खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता कुठलाही कागद आला की वहिनी आधी तो माझ्याकडे घेऊन येते. म्हणते, "तुमी म्हणान तवाच अंगठा देईन, भाऊजी."