पाठीवर रेडिओ, समोर डोंगर

आम्ही तिघं डोंगरावर जातो, सोबत नेलेल्या रेडिओवरून लांबच्या कुणाशी तरी चार वाक्यं बोलतो आणि खाली येतो. खरं तर सांगण्यासारखं एवढंच आहे. पण त्या चार वाक्यांच्या मागेपुढे जे घडतं ना, ते संपतच नाही. माझं संभाजीनगरला गारखेड्यात मेडिकल आहे. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सुटे पैसे खिशात टाकून काउंटरला रेलतं आणि विचारतं, "मग ताई, या रविवारी काय झालं?" हल्ली माझ्या दुकानात औषधं कमी आणि किस्से जास्त खपतात!

* * *

याची सुरुवात कुलकर्णी काकांनी केली. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट. दुकानात आले की त्यांच्या कमरेला एक काळा वॉकीटॉकी लटकलेला असायचा. एकदा न राहवून मी विचारलं, "काका, मोबाइल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण मोबाइलवर आपण ठरवून एकालाच फोन लावतो. यावर कोण भेटेल ते आधी कळत नाही."

तेव्हा मुलगी शिकायला पुण्याला गेली होती आणि नवरा परभणीला साइटवर होता. दिवसभर दुकानात माणसं बोलायची, पण सगळी आपापल्या दुखण्याबद्दल. काकांचं वाक्य डोक्यात बसलं. त्यांच्याकडेच हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ, शिकले, सरकारी परीक्षा दिली, लायसन्स आलं. रेडिओवरचं माझं स्वतःचं कॉलसाइन मिळालं, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांचं नाव. कित्येक वर्षांनी मला कुणाची बायको, कुणाची आई म्हणून नसलेलं नाव मिळालं होतं!

परीक्षेत माझ्या शेजारच्या बाकावर शकीलभाई होते. जुन्या शहरात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. झालो आम्ही तिघं.

* * *

जेवढं उंच जाल तेवढा आवाज लांब पोचतो, म्हणून डोंगर. पहिल्यांदा गेलो ते गोगाबाबा टेकडीवर. मी बॅटरी घेतली, डबा घेतला, सतरंजी घेतली, ग्लुकोज तर दुकानातलंच होतं. धापा टाकत वर पोचलो. काकांनी सेट काढला, झाकण उघडलं आणि म्हणाले, "हं, अँटेना द्या."

मी शकीलभाईंकडे पाहिलं. शकीलभाईंनी काकांकडे पाहिलं.

"काका, आप लाने वाले थे ना?"

"मी? मला वाटलं सुनीता आणतेय."

मग शकीलभाई उठले, दोन्ही हात तोंडाशी धरून शहराकडे तोंड करून ओरडले, "हॅलोऽऽ! कोई है क्या?"

मग काय, डबा खाल्ला. समोर मकबरा, मागं लांबवर देवगिरीचा किल्ला, मकबऱ्यापलीकडे आमचं सगळं शहर. इतकी वर्षं त्यात राहून मी ते असं एका नजरेत कधी पाहिलंच नव्हतं. गारखेडा शोधत बसले. काका हळूच म्हणाले, "बघ, सेट बंद असला तरी ऐकू येतंय बरंच."

* * *

अंतूर किल्ल्याला आम्ही कन्नडहून एसटीनं निघालो. अँटेना उभी करायला शकीलभाईंनी मासे धरायच्या गळाची घडीची काठी आणली होती. कंडक्टर आमच्याकडे बघून म्हणाला, "किल्ल्यावर मासं घावतात व्हय?"

"हवा में मिलते हैं," शकीलभाई म्हणाले.

योगायोगानं परतीच्या गाडीवरही तोच कंडक्टर! "काय घावलं का मग?"

"एक इंदूर का मिला, एक हुबळी का."

कंडक्टरनं तिकीट फाडलं, जरा विचार केला आणि विचारलं, "हुबळीचा चवीला बरा असतो का?"

* * *

त्या हुबळीवाल्याची गोष्ट राहिलीच. अंतूरच्या तटाशी बसून मी रेडिओवर हाका मारत होते. एक ठरलेलं वाक्य असतं, ते पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि थांबून ऐकायचं. पलीकडे नुसती खरखर. नव्या माणसाला ही खरखर फार लागते. आपला सेट बिघडलाय, आपला आवाज वाईट आहे, आपल्याला इथं कुणी बोलावलं होतं, असं सगळं मनात येतं. काका आणि शकीलभाई तोफ बघायला गेले होते. मी एकटीच.

शेरडं राखणारी एक म्हातारी कधीची लांबून बघत होती. जवळ आली.

"कुणाला हाका मारायलीस गं बाई एवढ्या?"

"कुणालाही, आजी. ऐकेल त्याला."

"अन् कुणी ओ देत नाय?"

"अजून नाही."

मला वाटलं हसेल. ती काही हसली नाही. पदर सावरून माझ्या शेजारी खाली बसली. म्हणाली, "मंग मी बसते जरा. दोघी आसलं म्हंजी बरं."

मी पुन्हा हाक दिली. पुन्हा खरखर. आजी सेटकडे टक लावून बसलेली. शेरडं पार उताराला गेली तरी उठली नाही. आणि एकदम त्या खरखरीतून एक पुरुषी आवाज आला, माझं कॉलसाइन घेऊन! हुबळीहून. मी इतकी गांगरले की स्वतःचं नाव विसरले. आजीनं माझा दंड धरला. "दिली की गं ओ!"

मी त्यांना आवाज कसा येतोय ते सांगितलं, त्यांनी मला सांगितलं. आजी मधेच म्हणाली, "त्याला इचार, तिकडं पाऊस हाय का?"

मी विचारलं. ते म्हणाले, "अजून नाही. तुमच्याकडे?"

आजीनं आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाय म्हणावं. पर येईल म्हणावं. त्यालाबी सांग."

मी सांगितलं. पलीकडून त्यांनी विचारलं, "तुमच्यासोबत कोण आहे?" मी आजीकडे पाहिलं, तर ती उठून काठी घेऊन शेरडांच्या मागं निघालीही होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

* * *

सोयगावजवळच्या वेताळवाडीच्या किल्ल्यावर एक दिवस मजा करायला गेलो आणि तोंडचं पाणी पळालं. काकांचे गुडघे दुखत होते म्हणून ते खाली गाडीतच बसले, हातात वॉकीटॉकी घेऊन. मी आणि शकीलभाई वर. तिथं कॉलेजची पोरं-पोरी आलेली. त्यातली एक मुलगी फोटो काढता काढता घसरली आणि खालच्या टप्प्यावर पडली. पाय असा वळलेला की माझ्यानं बघवेना. तिच्या मैत्रिणी रडत मोबाइल उंच धरून फिरत होत्या. रेंज नावाला नाही.

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "काका, काका, इथं एक मुलगी, तिचा पाय, म्हणजे ती पडली, काका लवकर..."

"सुनीता." काकांचा आवाज एकदम सपाट. "आधी श्वास घे. मग कुठं आहात ते सांग. मग काय झालं ते सांग. घाबरलीयेस ते सांगू नकोस. ते ऐकू येतंय."

मी श्वास घेतला. जागा सांगितली. शुद्धीवर आहे, रक्त थोडं आहे, चालता येणार नाही, असं एकेक सांगितलं. काकांनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून खात्री केली आणि गाडीची किल्ली शकीलभाईंच्या खिशात वर राहिल्यानं तसल्या गुडघ्यांनी गावात चालत गेले. शकीलभाईंनी अँटेनाची काठी मोडून मुलीच्या पायाला दोन्ही बाजूंनी बांधली. महिनाभर हौसेनं तिला अँटेना जोडली होती, पण मोडताना त्यांनी काठीकडे बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं गावातली माणसं बाज घेऊन वर आली.

खाली उतरवेपर्यंत मी त्या मुलीचा हात धरून चालत होते. ती पांढरीफटक, ओठ दाबून धरलेले. गाडीत ठेवताना माझ्या वॉकीटॉकीकडे बघत तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मॅडम, याला कोणतं सिम टाकता तुम्ही?"

* * *

मागच्या वर्षी काकांची बायपास झाली. डॉक्टरांनी चढ बंद केला. काका पुढे दुकानात आले तेव्हा कमरेला वॉकीटॉकी नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी सुमनकाकू आल्या, त्यांच्या मिसेस. त्यांना मी तोपर्यंत रेडिओच्या खरखरीवर वैतागलेलंच ऐकलं होतं. काउंटरवर पिशवी ठेवून म्हणाल्या, "ती परीक्षा असते ना तुमची? मला पुस्तक दे. आणि ह्यांना सांगू नकोस."

काकू भजनाला निघाल्याचं सांगून शकीलभाईंच्या दुकानात जायच्या. तिथं टीव्हीच्या ढिगाऱ्यात बसून त्या सगळं शिकल्या. पास झाल्या! लायसन्स आलं तेव्हा काकांना कळलं. काका ते हातात धरून नुसते बसले होते म्हणे.

काकूंची पहिली हाक म्हैसमाळवरून द्यायची ठरली. तिथून संभाजीनगर वॉकीटॉकीच्या टप्प्यात येतं. काका घरी गच्चीवर सेट लावून बसणार. वरपर्यंत गाडी जाते, पण काकू म्हणाल्या, "हे कधी गाडीनं वर गेले का? मग मीही चालतच येणार."

अडचण वेगळीच निघाली. रेडिओवर आधी कॉलसाइन म्हणतात आणि मग एकमेकांना नावानं हाक मारतात. काकूंची तालीम माझ्या दुकानात चालायची. कॉलसाइन झोकात म्हणायच्या आणि नावाशी आल्या की गाडी बंद.

"आणि मग... हे..."

"काकू, रेडिओवर 'हे' चालत नाही. ऐकणारे सगळेच कुणाचे तरी 'हे' असतील!"

"अगं, लग्नातल्या उखाण्यानंतर नाव घेतलेलं नाही मी. आता या वयात?"

म्हैसमाळच्या पठारावर भन्नाट वारा होता. काकूंनी पदर खोचला, वॉकीटॉकी तोंडाशी धरला. काकांचं कॉलसाइन म्हणाल्या, स्वतःचं म्हणाल्या, एकही अक्षर चुकलं नाही. लगेच काकांचा आवाज आला, अगदी खणखणीत, सराईत. "आवाज छान येतोय. आपलं नाव आणि ठिकाण सांगा."

काकूंनी बटण दाबलं. सोडलं. आमच्याकडे पाठ केली. पुन्हा दाबलं.

"अनंत," त्या म्हणाल्या. "अनंत, मी सुमन बोलतेय. म्हैसमाळवरून."

वारा. मग काकांचा आवाज आला, बारीक.

"नीट कळलं नाही. परत सांगा."

शकीलभाईंनी सेटकडे वाकून पाहिलं आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "ताई, सिग्नल तो फुल है."

काकूंनी परत सांगितलं. या वेळी जरा मोठ्यानं.

"परत एकदा," काका म्हणाले.