यझ्दमधलं धुतलेलं ताट

आमच्या उमरग्याच्या घरी जेवण झालं की ताटात पेलाभर पाणी ओततात, बोटांनी ताट निपटून घेतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. आम्ही लिंगायत. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचं एक शीतही मोरीत जाता कामा नये. लहानपणी माहेरी, लोहाऱ्याला, आई समोर उभी राहून बघायची. ताट चकचकीत झाल्याशिवाय उठायची सोय नव्हती.

या रिवाजाचा आणखी एक उपयोग आहे. आग्रहाच्या बाबतीत आमच्या भागातल्या बायका कुणाला ऐकत नाहीत. ‘बस’ म्हटलं की उलट डावभर जास्त पडतं. पण ताटात पाणी पडलं की वाढणारी मुकाट्याने मागे फिरते. माणसाच्या बोलण्यावर कुणाचा भरवसा नाही, पाण्यावर आहे.

ही खूण साऱ्या जगाला कळते असं मी धरून चालले होते. वय वर्षं साठ, शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, आणि अक्कल ही एवढी.

निवृत्तीनंतर मी बायकांच्या एका गटाबरोबर इराणला गेले. यझ्द हे शहर मला सगळ्यांत जास्त आवडलं, कारण ते ओळखीचं वाटलं. वाळवंटाच्या कडेला वसलेलं, फार जुनं, सगळं मातीचं. भिंती आमच्याकडच्या माळवदाच्या घरांसारख्या जाडजूड, मातीत भुसा कालवून लिंपलेल्या. छपरांवर वारा पकडून खाली खोल्यांत सोडणारे उंच मनोरे. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून कित्येक मैल गावात आणलेलं. आमच्या भागाला असली अक्कल कुणी शिकवली असती तर, असं मी गटातल्या बायकांना दिवसभर ऐकवत होते. त्या कंटाळल्या असणार.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरची एक टेकडी चढताना माझा गुडघा धरला. बाकीच्या जणी वाळवंट बघायला गेल्या आणि मी मुक्कामाच्या घरी एकटीच उरले. ते एका विधवा बाईंचं जुनं घर होतं. मध्ये अंगण, अंगणात छोटा हौद आणि डाळिंबाचं झाड. भोवतालच्या खोल्या त्या प्रवाशांना भाड्याने देत. माझ्याच वयाच्या असतील. मी दुपारी एकटीच बसलेली बघून त्यांनी मला हाताला धरून स्वतःच्या जेवणाला नेलं. मी मांस खात नाही हे त्यांना माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी वेगळी वांगी केली होती, सोबत भात आणि दही.

मी पोटभर जेवले. मग सवयीने ताटात पाणी ओतलं, ताट निपटलं आणि पाणी प्याले.

बाई एकदम थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, मग लगबगीने आत जाऊन एक पातेलं घेऊन आल्या. त्यात केशर घातलेली तांदळाची घट्ट खीर होती, पिवळीधमक. तिला तिकडे शोले-जर्द म्हणतात. त्यांनी माझ्या ताटात चांगली भरपूर वाढली. मी ‘बस, बस’ म्हटलं. हा शब्द त्यांच्याकडेही आहे, अर्थही तोच. पण पाहुण्याने म्हटलेलं ‘बस’ तिथेही कुणी मनावर घेत नाही.

ताटात पडलेलं टाकायचं नाही. खाल्लं. पाणी ओतून प्याले. त्यांनी पुन्हा वाढलं. काय ही बाई, मी मनात म्हटलं, पाणी प्यालेलं दिसत नाही का हिला? पोटाला तडस लागली होती, तरी खाल्लं. पुन्हा पाणी. पातेलं संपलं तशा त्या आतून एक मोठा सुबक वाडगा घेऊन आल्या. त्यातही तीच खीर. वर बदामाचे काप, आणि दालचिनीच्या पुडीने काढलेली काही अक्षरं. वाडग्यावर डाव धरून त्या क्षणभर थबकल्या.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगायची आजही लाज वाटते. मला वाटलं, सजवलेलं वाढताना हात आखडतोय हिचा.

मग त्यांनी अक्षरांतून डाव घातला. तोही वाडगा मी जवळजवळ संपवला. शेवटचं पाणी पिऊन उठले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरलेले होते. माझ्या जेवणाने बाई किती खूश झाल्या, असं मला वाटलं.

संध्याकाळी त्यांची लेक आली. दुसऱ्या शहरात शिकत होती, आणि उद्या सकाळी पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघणार होती. परत कधी येणं होईल ते त्या दोघींनाही ठाऊक नव्हतं. ती आईच्या गळ्यात पडली आणि बूट काढून थेट स्वयंपाकघरात गेली. मी अंगणात बसले होते, तिथून आतलं दिसत होतं. तिने पातेल्याचं झाकण उचललं, वाडगा बघितला, आणि हसत आईला काहीतरी विचारलं. आई हळू आवाजात बराच वेळ बोलत होती. बोलताना तिने तळहाताचं ताट करून ते तोंडाला लावून दाखवलं.

लेक बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. तिला इंग्रजी छान येत होतं. तिने अगदी जपून विचारलं, “तुमच्या गावाकडे पाऊस पडत नाही का?”

मला सगळं एकदम कळलं. ताट धुऊन पिणारी बाई त्या माउलीने आयुष्यात पाहिली नव्हती. ताटाचं धुवणसुद्धा पिते म्हणजे ही किती भुकेली असेल, असं तिला वाटलं होतं. म्हणून लेकीसाठी केलेली खीर तिने माझ्या पुढ्यात ठेवली, आणि शेवटी लेकीचं नाव लिहिलेला वाडगासुद्धा.

मी खरं सांगायला हवं होतं. पण खरं काय होतं? पहिल्या ताटालाच माझं पोट भरलं होतं. म्हणजे ती खीर कुणाच्याच भुकेला लागली नव्हती. हे तिच्या आईला कळलं असतं तर? ओठांवर आलेलं मी गिळलं.

“कमी पडतो,” मी म्हणाले. उमरग्याच्या बाबतीत ते खोटं नाही. तिथे मात्र ते धडधडीत खोटं होतं.

पोरीने मान हलवली, माझा हात दाबला आणि उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने त्या वाडग्यात पाणी ओतलं. बोटाने कडा पुसून घेतल्या. पिवळं झालेलं ते पाणी तिने उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि आईकडे बघून हसली. आई हसली नाही. मी मान खाली घातली.

सकाळी ती गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत आई दारात उभी होती. मग तिने गाडीच्या मागे रस्त्यावर वाटीभर पाणी ओतलं, माणूस सुखरूप परत यावा म्हणून. दुपारी आम्ही निघालो तेव्हा तिने माझ्या हातात रोट्यांचं पुडकं दिलं. गटात फक्त मलाच.

परत आल्यावर मी लोहाऱ्याला आईकडे गेले. तिने हुग्गी केली होती, गहू कांडून गुळात शिजवलेली. जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा माझं पोट अर्धंच भरलं होतं, पण मी ताटात पाणी ओतायला पेला उचलला.

आईने माझं मनगट धरलं. “त्या लेकराला खीर मिळाली का मग?”

“नाही.”

“खरं का न्हाय सांगितलंस?”

“तिच्या आईला काय वाटलं असतं?”

“तुझी लाज झाकलीस, आन् नाव त्या माउलीचं घेतीस व्हय?” ती म्हणाली. मग डाव भरून हुग्गी माझ्या ताटात घातली. “खा. आता उपाशी राहून त्या पोरीचं पोट भरतंय का?”

मी खाल्लं. ताटात पाणी ओतलं, निपटलं. गुळाचं पाणी तांबूस असतं. मला ते पिवळं दिसलं, आणि आई समोर बसलेली होती म्हणून ते मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.