पेवावरची जीप

तुमच्या बाबांनी सांगितलं की तुमच्याकडच्या गाडीत डाव्या पायाला काही कामच नसतं, तो नुसता बसून असतो. मला त्या पायाचा हेवा वाटला. आमच्या जीपच्या डाव्या पायाने एकदा सगळ्या घराला कामाला लावलं होतं.

आधी क्लच म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्हाला तो पाहायला मिळणार नाही. फुगडी घालताना दोघींनी हात घट्ट धरले की एकीबरोबर दुसरी फिरते. गाडीत एक बाजू इंजिनाची, दुसरी चाकांची. त्यांचा हात धरून ठेवायचं काम क्लचप्लेट करते. डावा पाय दाबला की हात सुटतो, उचलला की पुन्हा धरला जातो. इतकं समजलं की पुरे.

आमचं गाव पालमच्या डांबरी रस्त्यापासून आत होतं. फाट्यापर्यंतची वाट सगळी काळ्या मातीची, मध्ये ओढा. श्रावणात त्या चिखलात बैलगाडी रुतली की कणसं निघेपर्यंत तिथेच राहील, असं लोक म्हणायचे. निघायची ती फक्त आमची जीप. लष्कराच्या लिलावातली, म्हातारी, पण चारही चाकांना जोर असलेली. तुमच्या आजोबांचा तिच्यावर फार जीव. त्याच जिवापोटी त्यांनी एक दिवस फाट्यावर रुतलेला खताचा ट्रक तिच्याकडून ओढून काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला आणि जीप तिथेच राहिली. क्लच जळला होता. संध्याकाळी बैल तिला घेऊन घरी आले.

एरवी मी हसले असते. पण त्याच आठवड्यात मला पालमच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. सोमवारी शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार. इतकी वर्षं शिकून मी घरात बसले होते, आणि आता मध्ये आडवी होती एक भाकरीएवढी तबकडी. माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजींना, तर माझ्याहून जास्त घाई. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "आमची सून सोमवारपासून विंग्रजीची मास्तरीण हाय." ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना दारात उभं करून सांगितलं.

विद्यापीठाचं नाव बदलायच्या वादावरून परभणी बंद होती. दुकानं उघडायची वाट पाहून आजोबांनी नवी प्लेट आणली, ती शनिवारी. मिस्त्री चिखलातून यायला तयार नव्हता. आजोबा म्हणाले, "आपण घरीच बसवू."

गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. अर्धं बुजलेलं, पुरुष छातीपर्यंत मावेल इतकं उरलेलं. जीप त्याच्या तोंडावर उभी केली आणि आजोबा खाली उतरले. आत्याबाई वाकून पाहत म्हणाल्या, "ज्वारी संपली, आता पेवात पोरगा ठेवलाय."

जीपबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. घरात ते फक्त मला वाचता येई. मी पाटावर बसून वाचायची, मराठीत सांगायची, खालून आजोबा "हां" म्हणायचे. शेजारचे तात्याही आले. त्यांच्या विहिरीवर तेलाचं इंजन होतं, त्यामुळे यंत्रांविषयी त्यांना मत होतं.

"तात्या, खाली उतरता का? गिअरबॉक्स जड आहे," आजोबांनी विचारलं.

"मी वरून बघायलोय की. दोघंबी खाली गेलो तर सांगायचं कुणी?"

शेवटी जीपवर वासा आडवा टाकून, दोरखंड बांधून, दोन गड्यांनी गिअरबॉक्स हळूहळू खाली सोडली. खाली सरकीची पोती रचली होती. बोल्ट निघतील तसे मी ते मोठ्या ताटात मांडत गेले, पान वाढतो तसे. डाव्या बाजूचे चटणीच्या जागी, उजवीकडचे भाजीच्या जागी, बारके वर मिठापाशी. आत्याबाईंनी ताटाकडे पाहिलं. "निवद दाखवायलीस का गं?"

तात्यांना ती शिस्त पटली नाही. "वहिनी, दोन-चार बोल्ट उरायलाच पायजेत. माझ्या इंजनातले उरलेले आजून घरी हायत. इंजन चालूच हाय."

पुस्तकात एक वाक्य जाड अक्षरात होतं. मी मोठ्याने सांगितलं, "प्लेटीच्या अस्तराला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये." तोवर अंधारून आलं होतं, प्लेट सकाळी बसवायची ठरली. ती कुठे ठेवायची? आजोबांनी विचार करून ती देवघराच्या कोनाड्यात ठेवली. तिथे कुणी खरकट्या हाताने जात नाही. वर सगळ्यांना बजावलं, "हिला कुणी हात लावायचा न्हाई."

सकाळी प्लेटीच्या मधल्या लोखंडावर विभूतीची तीन बोटं ओढलेली दिसली. "आईनं पूजा केली," आजोबा कौतुकाने म्हणाले आणि फडक्याने पुसून प्लेट पेवात घेऊन गेले. ती बरोबर मध्यावर बसवायला पुस्तकात एक खास दांडा सांगितला होता. तो नव्हता. माझं लाटणं चिंधी गुंडाळून बरोबर बसलं. दिवसभर खपून सगळं जोडलं. ताट रिकामं झालं, एकही बोल्ट उरला नाही. तात्या काळजीत पडले.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून जीपमध्ये बसले. आजोबांनी गिअर टाकला, पाय उचलला. इंजिन ओरडलं. जीप हलली नाही. आणखी ओरडलं. जीप वीतभर सरकली आणि दम लागल्यासारखी थांबली.

"इंजन बोंबलायलंय, पण चाकांला ऐकू जाईना," तात्या म्हणाले.

मला वेगळंच जाणवलं. "अहो, कुणाकडे भजी तळतायत का?"

"एवढ्या सकाळी?"

वास शेजारून येत नव्हता. पायांखालून येत होता. करडईच्या तेलाचा, आमच्या घरच्या तेलाचा. आजोबांनी इंजिन बंद केलं आणि मान वळवून आईकडे पाहिलं.

"आई, त्या प्लेटीला हात लावलास?"

"तू नको म्हणलास ना? बोटबी न्हाई लावलं."

"मग काय लावलं?"

"तेल. कापसाच्या बोळ्यानं."

तेलकट हातांची फुगडी सुटणारच, तसंच त्या प्लेटीचं झालं होतं; पण आत्याबाईंनीच आम्हाला समजावून सांगितलं. "लय कोरडी होती रे. गरागरा फिरणारी वस्तू, अन् थेंबभर वंगण न्हाई. बैलगाडीच्या कण्याला लावतो का न्हाई आपण? म्हणलं, तुमच्या ध्यानातून गेलं आसंल. पयला बोळा तर सगळा पिऊन टाकला तिनं. मग दुसरा लावला."

"आई, मी परवाच वाचून दाखवलं होतं, तेल लावू नये म्हणून," मी म्हणाले. घाईत आत्याबाईंना आई म्हणून गेले.

"ते विंग्रजांचं तेल. हे आपलं घाण्याचं हाय."

तात्या हसता हसता खाली बसले. आजोबा हसले नाहीत. आत्याबाईंनी एकदा माझ्या साडीकडे पाहिलं, एकदा वाटेकडे, आणि त्यांचा आवाज उतरला. "मंग आता ही जायची न्हाई?"

पुन्हा सगळं उघडायला दिवस जाणार होता. शाळा तोवर सुटली असती, आणि चालत निघाले तर फाट्यावरची एसटी मिळाली नसती. मी पुस्तक घेऊन बसले. तेल लागलेल्या प्लेटीसाठी त्यात एकच उपाय, नवी प्लेट. पुढे मात्र जीपच्या गिअरशेजारी जो दुसरा लहान दांडा होता, त्याच्याविषयी पान होतं. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळतो, गाडी मुंगीसारखी चालते आणि क्लचवर ओझं कमी पडतं.

"ते डोंगर चढायला असतं," आजोबा म्हणाले.

"मग हा डोंगर समजा."

त्यांनी दांडा ओढला. हळूच पाय उचलला. जीप कण्हली, धूर सोडला आणि निघाली.

आत्याबाई उडी मारून मागे बसल्या. "मदीच बंद पडली तर ढकलायला कुणी पायजे." तात्या पुढे चालत "येऊ द्या, येऊ द्या" करत होते, तसं म्हणायची गरज नव्हती, आमचा वेग त्यांच्याहून कमीच होता. एका म्हशीने आम्हाला मागे टाकलं. छत्री घेतलेले एक म्हातारे बराच वेळ शेजारून चालले.

"दुरुस्त झाली का?"

"झाली," आजोबा म्हणाले.

"मंग अशी कामून चालायली?"

"नवी हाय म्हणून."

ओढ्यात पाणी अर्ध्या चाकापर्यंत होतं. मधोमध जीप थबकली, धुराने खोकली, आणि माझ्या मनात पुढच्या उमेदवाराचा चेहरा आला, जो मी कधी पाहिलाच नव्हता. आजोबा पायाने जीपला समजावत राहिले. मग एकदम काहीतरी पकडलं. तेल जळून गेलं असावं. जीप उसळून काठावर चढली आणि आत्याबाई मागे आडव्या झाल्या. "बसली बग! पूजेचं फळ हाय!" त्या पडल्या पडल्या म्हणाल्या.

फाट्यावरची एसटी केव्हाच गेली होती. आम्ही तसेच पालमला गेलो, कण्हत, धुमसत. शाळेचा शेवटचा तास चालू होता. मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे केला, मी सही केली. त्यांनी खिडकीतून धुराकडे पाहिलं.

"बाई, आज आलात, ठीक. पण उद्या कशा येणार?"

तेवढ्यात दारातून आत्याबाई आत आल्या. साडी अर्धी चिखलाची, पदर डोक्यावर नीट.

"उद्याचं उद्या बघू, गुरुजी. आज तिची सही झाली का, ते बोला."

"झाली."

त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. तरी हजेरीपट स्वतःकडे वळवून, माझी सही कुठली ते मला विचारून, त्यांनी ती नीट पाहिली. मग मला म्हणाल्या, "आता खुर्चीत बस जरा. मला गावात सांगायचंय."