पत्रकावरचा सिंह

इंग्लंडमधल्या मेडनहेड स्टेशनबाहेर मी उमरावांविरुद्ध पत्रकं वाटायचो. एक म्हातारे गृहस्थ रोज एक घ्यायचे. लोकांच्या वंशावळी शोधणं आणि अंगठ्यांवर घराण्यांची चिन्हं कोरणं हा त्यांचा धंदा. खिशातलं भिंग डोळ्याला लावून ते पत्रकावर मी काढलेला सिंह तपासायचे.

"मजकूर पटला का?" मी विचारलं.

"मजकुराचं नंतर बघू. हा सिंह कुत्रा दिसतोय."

"जन्माने मिळणारे मान बंद झाले, की तुमचा धंदाही बसेल."

"बसू दे. तोवर सिंह तरी नीट काढ."

त्यांना भांडायचंच नव्हतं, याचा मला जास्त राग आला.

सोमवारी त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर सिंह कोरून त्याचा ठसा आणून दिला, फुकट. तो सिंह छापलेली नवी पत्रकं तासाभरात संपली. पिनर गावात राहणाऱ्या माझ्या काकूने तर तो सिंह फ्रेम करून हॉलमध्ये लावला. खालचा मजकूर तिने कात्रीने कापून टाकला होता.