मावसाजींचा बारावा भाग

सगळ्या वऱ्हाडात फ्रीजशी अदबीनं बोलणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा आहे, हे मी छाती पुढे काढून सांगतो. लोकांच्या नात्यात आमदार असतात, कलेक्टर असतात. असोत बापडे. आमचे मावसाजी टीव्हीवर हिरो होते. पुरे अकरा भाग. मालिकेचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण सांगूनही तुम्हाला आठवणार नाही. आणि तुम्हाला आठवलं नाही हे अकोल्यात मावसाजींच्या कानावर गेलं, तर ते पहिल्या भागापासून सगळी मालिका एकट्यानं करून दाखवतील. त्यात अडीच तास जातात आणि चहा एकदाच मिळतो.

तसे ते जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हा त्यांचा धंदा. माणसांनाही ते याच मापानं मोजत. "पोरगं लांब धाग्याचं आहे" म्हणजे प्रमाणपत्र, आणि "ओढलं का तुटते" म्हणजे विषय संपला. हौशी नाटकात त्यांना कुणीतरी पाहिलं आणि मुंबईला नेलं. मालिका होती नवराबायकोची. नवऱ्याला मिक्सरचा शॉक बसतो आणि तेव्हापासून घरातल्या वस्तू त्याच्याशी बोलू लागतात. फ्रीज, कुकर, कपाट, सगळे. बायकोला यातलं काहीच माहीत नसतं, त्यामुळे दर भागात नवं भांडण. आधी ती रविवारी सकाळी लागायची, मग बुधवारी दुपारी गेली, मग कुठेच नव्हती. अकराव्या भागाच्या शेवटी नवरा बायकोचा हात हातात घेऊन म्हणतो, "अगं, तुला एक खरं सांगायचंय..." आणि तिथंच 'क्रमशः'. त्याला आता अठरा वर्षं झाली. ते खरं काही बायकोला कळलं नाही. माझी मावशी मात्र बायकोचं काम करणाऱ्या त्या पुण्याच्या नटीला अजून "ती तुमची टीव्हीवाली" म्हणते आणि म्हणताना भाकर जरा जोरात थापते.

मालिका बंद पडली, पण मावसाजी बंद पडायला तयार नव्हते. त्यांनी ती घरात चालू ठेवली. आपण गप्पा मारत बसलेलो असावं, तर हे एकदम उठून मावशीच्या पुढ्यात उभे राहणार, तोंड तिच्याकडे करून, ओठ फाकवून एकेक शब्द सुटा म्हणणार, "कुकर म्हनते, तिसरी शिट्टी झाली." थोड्या वेळानं, "बेल म्हनते, दूधवाला आला." मी अमरावतीहून फोन केला की पलीकडून, "फोन म्हनते, तुहा भाचा बोलून राह्यला, तब्येत इचारते." प्रत्येक वेळी तेच, पुढ्यात जाऊन, तोंडासमोर तोंड. मला वाटायचं ही कॅमेऱ्याची सवय, अकरा भागांत लागली ती लागली. मावशी शांतपणे उठायची, गॅस बंद करायची, दूध घ्यायची. एवढ्या वेडाला इतकं निमूट उत्तर देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एरवी ती बाळापूरची ताठ मानेची बाई म्हणून प्रसिद्ध. मागून हाक मारली तर मान वळवायची नाही. नातेवाइकांत त्याला माहेरचा तोरा म्हणत.

एकदा अमरावतीला माझ्या ओळखीच्या दुकानात मी त्यांना वॉशिंग मशीन घ्यायला नेलं. मावसाजींनी दर मशीनला कान लावून विचारपूस केली. दुकानदारानं कौतुकानं सांगितलं की हे मॉडेल धुणं झालं की गाणं वाजवतं. मावसाजी म्हणाले, "गाणारी नको आमाले. डोया मारनारी दाखवा." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. शेवटी धुणं झालं की लाल दिवा लुकलुकतो असं एक जुनं मॉडेल गोदामातून काढलं, तेव्हा कुठे ते खूश झाले. त्या दुकानात मी नंतर सहा महिने गेलो नाही.

तर अशा घरात मी स्थळ घेऊन गेलो. मी अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. स्थळ म्हणजे तिथलाच भौतिकशास्त्र शिकवणारा माझा सोबती, सरळ, निर्व्यसनी मुलगा. माझी मावसबहीण बारावीपासून अमरावतीलाच होस्टेलवर, नंतर नोकरीलाही तिथंच. दोघांची पसंती झालेली होती, आता फक्त मुलाच्या आईवडिलांनी घर बघून होकार द्यायचा होता. मुलाची आई जरा करड्या स्वभावाची. बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, बाबांले सांग. एक दिवस, फक्त एक दिवस फ्रीजशी बोलू नका म्हना. हे मोडलं तर मी दुसरं पाहनार नाई." मी मावसाजींना सांगितलं. त्यांनी आत मावशीकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "पोट्टीसाठी बसतो गुपचूप. पन कठीन आहे, भाऊ." मला वाटलं, कलावंताला कठीणच जाणार.

पाहुणे अकराला आले. मुलाचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मिशीतल्या मिशीतही न हसणारे. मुलाची आई मावशीच्या शेजारी सोफ्यावर बसली. आत कुकर चढवलेला होता. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "तुमचं माहेर कोनतं?" मावशी समोर बघत हसत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. मावशीनं पदर सारखा केला आणि समोरच्या पाहुण्यांकडे बशी सरकवली. आत चौथी शिट्टी झाली, पाचवी झाली. बाईंचा चेहरा आंबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मांडीवरची पर्स उचलून काखेत घेतली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावसाजी दोन्ही हात गुडघ्यांत दाबून माझ्याकडे बघत होते, शपथ घातलेल्या माणसानं बघावं तसे. सातव्या शिट्टीला ते उठले. सोफ्यापाशी उभ्या असलेल्या फ्रीजजवळ गेले, त्याच्यावर टकटक केलं, कान लावला आणि मावशीच्या पुढ्यात येऊन एकेक शब्द सुटा म्हणाले, "फ्रीज म्हनते, ताई इचारून राह्यल्या, तुमचं माहेर कोनतं? अन् कुकर म्हनते, मले उतरवा, सात झाल्या."

मावशी झटकन बाईंकडे वळली. "बाळापूर," म्हणाली, "किल्ल्याच्या मांगं आमचं घर." आणि हसून कुकर बंद करायला गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळं एकदम आठवलं, मागून मारलेली हाक, तोंडासमोर तोंड, लाल दिवा. मावशीला ऐकू येत नव्हतं. किती वर्षांपासून, देव जाणे. आणि मी, रसायनशास्त्राचा मास्तर, तिचे कान एका दिवसासाठी बंद करून बसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मुलाचे वडील मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. "थांबा," ते म्हणाले, "तुमी ते फ्रीजवाले काय? टीव्हीतले?" मावसाजींनी मान डोलावली. "अकराही भाग पाह्यले म्या. बुधवारी दुपारी हापिसातून सुटी काढून. पंधरा साल झाले, मी इचार करून राह्यलो, तो बायकोले काय सांगनार होता?" मावशी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मावसाजी तिच्याकडे बघत म्हणाले, "काईच नाई सांगत तो. त्याले समजते का तिले सगळं माहीतच आहे." मुलाचे वडील मिशीत हसले. मुलाच्या आईनं पर्स खाली ठेवली.

पाहुण्यांना गाडीत बसवून आल्यावर अंगणात मी मावसाजींची माफी मागितली. ते म्हणाले, "तिच्या मायले अख्खं गाव बहिरी म्हने अन् हासे. ते तिनं लहानपनी पाह्यलं. कानाच्या मशीनचं नाव काढलं का रडे. मंग म्या म्हनलं, तिले बहिरी म्हनन्यापरीस मले येडा म्हना. मी त टीव्हीवरचा येडा आहो, मले शोभते." माझ्या ओळखीत मोठमोठी माणसं आहेत, इतक्या लांब धाग्याचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

लग्न झालं, नात झाली, नात बोलायला लागली. एक दिवस मावशी आपणहून म्हणाली, "हे पोट्टी काय म्हनते, ते तुमच्या फ्रीजलेही समजत नाई. चला, मशीन घेऊ." घेतली. या दिवाळीत गेलो, तर बेल वाजताच मावशीनं स्वतः दार उघडलं. मला आनंद झाला, आणि आत खुर्चीत नुसतेच बसलेले मावसाजी बघून वाईटही वाटलं. फ्रीज, कुकर, बेल, सगळ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. घरात त्यांना काही काम उरलं नव्हतं. ते थकल्यासारखे दिसले.

मावशी मेथी निवडायला त्यांच्यासमोर येऊन बसली. त्यांच्याकडे एकवार बघितलं, कानातली मशीन काढली आणि डबीत ठेवली. "ब्याटरी वाचवते," मला म्हणाली. आत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी, मग तिसरी. मावशी मान खाली घालून मेथी निवडत राहिली. मावसाजी उठले, सदरा सारखा केला आणि तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

मावशीनं मान वर केली. "काय म्हनते?" तिनं विचारलं.